सातव्या ओळीतली खेचरं

लोइताय या नावाचा अर्थ 'भाऊ घेऊन ये'. चीनला लागून असलेल्या इंग्रजांच्या वसाहतीत, पात हेउंगच्या खोऱ्यात, अशा नावाच्या पोरी घरोघर होत्या आणि बहुतेकींनी आपलं काम चोख केलं होतं, पाठीवर भाऊ आणला होता. याउंच्या लोइतायच्या पाठीवर मात्र कोणीच आलं नाही. विहिरीवर बायका तिच्या आईला विचारायच्या, "खोट नावात आहे की पोरीत?" आई घागर उचलून चालू लागायची. बाप, तिन-फुक, तो मात्र हसण्यावारी न्यायचा. म्हणायचा, "आमच्या तबेल्यात चोवीस खेचरं आहेत. एकालाही वंश नाही. म्हणून काय ओझं वाहायची राहिलीत?"

तिन-फुक इंग्रजांच्या फौजेत खेचरवाला होता. छावणी गावापासून अर्ध्या तासाच्या चालीवर. उत्तरेच्या डोंगरमाथ्यांवर, चीनच्या हद्दीकडे तोंड करून, फौजेची ठाणी होती. तिथे ना रस्ता ना पाणी. पिण्याचं पाणी, रॉकेल, काटेरी तारेची भेंडोळी, बिनतारी यंत्राच्या बॅटऱ्या, सगळं खेचरांच्या पाठीवरून चढायचं. तिन-फुककडे एक काळी खेचरी होती. फौजेच्या दप्तरी तिला नुसता नंबर, खुरावर डागलेला. तिन-फुक तिला हाकमुई म्हणायचा, म्हणजे काळी धाकटी बहीण. सदुसष्ट साली शहरात दंगे पेटले, रस्त्यांत बॉम्ब ठेवले जाऊ लागले, तेव्हा हे दोघं अकरा दिवस रोज डोंगर चढत-उतरत होते. वर नळाच्या मोठ्या पाइपाची राखण करणाऱ्या गुरखा शिपायांना पाणी पोचवायचं होतं. बाराव्या दिवशी तो घरी आला आणि दारातच बसून झोपला. बायकोने त्याचे बूट कात्रीने कापून काढले.

त्याने पोरीला शिकवलं. गावात लोक म्हणाले, परक्याच्या घरी जाणार ती, तिच्यावर कशाला खर्च? तो ऐकत नव्हता. मिशनच्या शाळेत लोइताय इंग्रजी शिकली, टायपिंग आणि लघुलेखन शिकली. छावणीतल्या एका साहेबाच्या चिठ्ठीवर एकोणिसाव्या वर्षी तिला सरकारी सचिवालयात नोकरी लागली. हात इतका चालायचा की दोन वर्षांत तिला गुप्त कागदांच्या खोलीत हलवलं. तिथे जाण्याआधी शपथ घ्यावी लागे: इथे पाहिलेलं, ऐकलेलं बाहेर बोलणार नाही, घरच्यांशीही नाही.

तिन-फुकला पोरीच्या पगारापेक्षा त्या शपथेचंच कौतुक. चहाच्या दुकानात तो पोपटासारखा तेच सांगत बसायचा. "माझी लोइताय राणीच्या नावाने बांधलेली आहे. घरात भात मागते, मीठ मागते, बाकी तोंडातून ब्र काढत नाही." एकदा जेवताना आईने सहज विचारलं, दिवसभर करतेस तरी काय? तेव्हा तोच रागावला. "तिला विचारू नकोस. शपथ म्हणजे शपथ. आणि लोइताय, मी विचारलं तरी सांगायचं नाही, कळलं?"

"कळलं, आबा," ती म्हणाली होती.

पंचाहत्तर साली तिच्या खोलीत एकच विषय सुरू होता. लंडनची तिजोरी आटली होती. तिथले साहेब लिहीत होते, तुमची वसाहत आता गबर झाली आहे. तिची सरहद्द आणि तिची आतली शांतता आमची फौज राखते. तेव्हा खर्चाचे चारातले तीन वाटे तुम्ही उचला. इथले साहेब उलट लिहीत होते, फौज तुमची, तिचे हुकूम तुमचे, उद्या दुसरीकडे गरज लागली तर तुम्हीच तिला उचलून नेणार. मग तीन वाटे आमचे कसे? भावकीत सामाईक विहिरीच्या डागडुजीवरून व्हावं तसं ते भांडण होतं. फरक इतकाच की इथे प्रत्येक पत्राच्या शेवटी 'आपला आज्ञाधारक सेवक' असं लिहायचं असे. ती सगळी पत्रं लोइतायच्या यंत्रातून जात.

तिचे साहेब एल्सवर्थ नावाचे होते. उंच, खांद्यात वाकलेले, मऊ बोलणारे. त्यांनी कधी तिच्यावर आवाज चढवला नाही. सप्टेंबरात एका सकाळी त्यांनी हाताने लिहिलेली एक यादी तिच्यापुढे ठेवली. आम्हाला जास्त पैसे द्यावेच लागणार असतील तर काय नको ते आम्ही सांगणार, अशी ती यादी. बँड नको. दोन होड्या नकोत. अधिकाऱ्यांचा एक बंगला नको. लोइताय ओळीमागून ओळ बडवत गेली. सातव्या ओळीत लिहिलं होतं: खेचरं, चोवीस, खेचरवाले, अठरा, हे काम हेलिकॉप्टर करू शकेल.

तिचे हात थांबले. त्या खोलीत यंत्र थांबलं की लगेच कळायचं. एल्सवर्थनी मान वर केली.

"अक्षर लागत नाही का, मिस याउ?"

"लागतं, सर."

ते थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांना आठवलं असावं. ते उठून तिच्या टेबलापाशी आले. "तुझे वडील तिथेच आहेत, नाही का?"

"हो, सर."

"अजून काही ठरलेलं नाही. नुसतं बोलणं आहे. पण हा कागद तू वाचलेला नाहीस."

"मी वाचत नाही, सर. टाइप करते."

ते समाधानाने जागेवर गेले. तिने सातवी ओळ पुरी केली, मग आठवी. चार प्रती काढल्या, कार्बन मोजून कुलपात ठेवले, आणि संध्याकाळच्या बसने घरी आली. आबा अंगणात खोगिराचा पट्टा शिवत बसला होता.

"आलीस? दमलेली दिसतेस."

"गर्दी होती बसला," ती म्हणाली.

आठवड्याभराने शरदातला चंद्राचा सण आला. सकाळीच मामा आला, आईचा धाकटा भाऊ, हातात चंद्रपोळ्यांचा डबा घेऊन. तो शहरात रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात मोतद्दार होता. डुकराचं मांस खारवलेल्या भाजीत शिजत होतं, त्याचा वास घेत तो चुलीपाशीच फतकल मारून बसला.

"भाऊजी, सरळ मुद्द्यावर येतो. आमच्या तबेल्यात एक जागा निघालीय. पंचेचाळिसाच्या वर कोणाला घेत नाहीत, तुम्ही शेहेचाळीस. पण मी साहेबापाशी शब्द टाकलाय. म्हटलं, माझे भाऊजी जनावराच्या श्वासावरून ताप ओळखतात. राहायला खोली आहे. पण उत्तर याच आठवड्यात हवं."

तिन-फुक हसला. "घोड्यांची चाकरी? अरे, ते नवाबाचे लेक. त्यांना पाऊस सोसत नाही, उतार सोसत नाही. खेचराला बघ, दगडावर पाय ठेवण्याआधी विचार करतं. तुझ्या घोड्याला विचार करताना बघितलंय कधी?"

"विचार नसेल करत, पण पगार खेचरापेक्षा जास्त आणतो."

"माझी तीन वर्षं राहिलीत. मग पूर्ण नोकरी धरतात, पेन्शन बसतं."

"तीन वर्षं फौज तुमची खेचरं ठेवेल कशावरून? शहरात लोक बोलतात. म्हणे लंडन हात आखडता घेतंय."

"लोक सदुसष्टातही बोलत होते की इंग्रज पळाले," तिन-फुक म्हणाला. पण हातातली काडी त्याने चुलीत सारली. मग लोइतायकडे वळला. "तू मोठ्या लोकांत बसतेस. मी कधी विचारलं नाही, आज विचारतो. नको असेल तर सांगू नकोस. आमचं खेचरदळ राहील का?"

मामा आणि आई दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

लोइतायने ते क्षण पुढे आयुष्यभर घोळवले. 'मला सांगता येणार नाही' एवढंच ती म्हणाली असती तरी बापाने काय ते ओळखलं असतं. तो खुळा नव्हता. तेवढं म्हणायलाही तिची जीभ वळली नाही, कारण ते म्हणणं म्हणजे सांगणंच होतं. आणि तिच्या कानात साहेबांचं वाक्य तयार होतं, खरं, गुळगुळीत, दुसऱ्याचं.

"अजून काही ठरलेलं नाही, आबा," ती म्हणाली.

"बघ," तिन-फुक मेहुण्याला म्हणाला, "ठरलेलं असतं तर हिला कळलं असतं."

"भाऊजी, ठरलेलं नाही म्हणजे राहणारच असं नव्हे."

"जेव तू. थंड होतंय."

मामाने त्या जागी दुसऱ्या कुणाला तरी लावलं. बत्तीस वर्षांचा एक उमदा गडी होता, थुन मुनकडचा.

डिसेंबरात लंडनची माणसं आली. चार दिवस लांब टेबलाशी बोलणी चालली. लोइताय भिंतीकडच्या खुर्चीवर लघुलेखनाची वही घेऊन बसे. मनात ती एक आशा धरून होती. तिने पाहिलं होतं की कागदावरच्या गोष्टी टेबलावर बदलतात. बँड वाचला. एका होडीवरून तासभर वाद झाला आणि ती होडीही वाचली. बंगल्यांतल्या पडद्यांचा आणि खुर्च्यांचा खर्च कोणी द्यायचा यावर तर पाहुणा साहेब इतका तापला की जेवण अर्धा तास पुढे ढकलावं लागलं. तेव्हा तिला वाटलं, कोणीतरी सातव्या ओळीसाठीही भांडेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी सातवी ओळ आली. पाहुणा म्हणाला, "खेचरं? अजून आहेत?" टेबलाभोवती हशा पिकला. एल्सवर्थ म्हणाले, "आमचा आग्रह नाही." पाहुण्याने रेघ मारली. लोइतायने सगळे शब्द टिपले. हशासाठी लघुलेखनात तिला खूण शिकवलेली नव्हती. तिने तेवढी जागा कोरी सोडली आणि आठव्या ओळीला लागली.

नववर्ष झालं आणि छावणीत फलक लागला. तिन-फुक तो वाचून घरी आला तेव्हा त्याने कोणालाही दोष दिला नाही. म्हणाला, "शेवटी ठरलं बघ." लोइताय भात वाढत होती. तिने वाढतच ठेवलं. आई ओरडली, ताट भरून सांडतंय, तेव्हा तिला कळलं.

नऊ तरणी खेचरं बाहेर विकली गेली. उरलेल्या पंधरांना गिऱ्हाईक नव्हतं, त्यांना गोळी घालायचं ठरलं. हाकमुई वीस वर्षांची होती, ती त्या पंधरांत. फौजेच्या जनावरांच्या डॉक्टराने विचारलं, दावं धरायला कोण उभं राहील? खेचरवाल्यांतले बरेच जण तोंड फिरवून गेले. तिन-फुक पुढे झाला. पंधराही जनावरांची दावी त्यानेच धरली, एकामागून एक, कारण ओळखीचा हात असला की जनावर बुजत नाही. हाकमुईला त्याने शेवटी ठेवलं. तिला आदल्या दिवशी न्हाऊ घातलं होतं, खुरं घासली होती. डॉक्टर म्हणाला, "हिला तरी दुसऱ्याला धरू दे." तो म्हणाला, "नो, सर."

हे घरी त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या एका खेचरवाल्याने आईला सांगितलं आणि आईने लोइतायला. त्या दिवशी तो घरी आल्यावर हात धूत बसला होता. बराच वेळ धूत होता.

पेन्शन बसलं नाही. काही रक्कम हातावर ठेवली, एक प्रशस्तिपत्र दिलं. तिन-फुकने मेहुण्याला विचारून पाहिलं. मामा म्हणाला, "भाऊजी, आता कुठे? दारं लागली." तो चुकूनही 'मी सांगत होतो' म्हणाला नाही, भला माणूस. मग छुन वानला प्लास्टिकची फुलं बनवण्याच्या कारखान्यात तिन-फुकला पहारेकऱ्याची जागा मिळाली. लिफ्टच्या तोंडाशी खुर्ची टाकून बारा तास बसायचं. डोंगर चढून जे गुडघे बिघडले नव्हते ते खुर्चीत बसून बिघडले. कारखान्यातल्या पोरी त्याची थट्टा करायच्या, "आबा, कपड्यांना गवताचा वास येतो." आधी येत असेलही. वर्षा-दोन वर्षांत तो वासही गेला.

लोइतायने लग्न केलं नाही. दोन स्थळं आली, तिने नाही म्हटलं. पगार आईच्या हातात द्यायची, आणि सुट्टीच्या दिवशी बापासाठी गुडघ्यांना चोळायचं तेल आणायची. तो म्हणायचा, "कशाला एवढा खर्च करतेस?" पण पाय पुढे करायचा. चोळताना कित्येकदा तिच्या ओठांवर आलं. पण आता सांगून काय उपयोग, असं म्हणून ती गिळत राहिली. सहा वर्षं.

एक्क्याऐंशी साली एल्सवर्थ निवृत्त झाले. निरोपाच्या चहाला कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांनाही बोलावलं होतं. तिन-फुकने जुना कोट काढला, फौजेचं पदक लावलं. सचिवालयाच्या हिरवळीवर तो काठी टेकून ताठ उभा राहिला. एल्सवर्थ स्वतः त्याच्याकडे चालत आले. त्यांना कँटनीज यायची ती नमस्कारापुरती. ते लोइतायला म्हणाले, "तू भाषांतर कर. मला तुझ्या वडिलांना एक गोष्ट सांगायची आहे. इतकी वर्षं राहून गेली."

आणि ते अगदी मनापासून बोलू लागले. "पंचाहत्तर साली आम्ही फौजेच्या खर्चाची बोलणी करत होतो. तुमचं खेचरदळ बंद करण्याचा कागद तुमच्या मुलीनेच टाइप केला. मी समोर बसलो होतो. तिला काय वाटलं असेल ते मला दिसत होतं. मला भीती होती की ती घरी बोलेल. तिने अवाक्षर काढलं नाही. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत इतकं खात्रीचं माणूस मी पाहिलं नाही. तुम्हाला अभिमान वाटला पाहिजे."

तिन-फुक पोरीच्या तोंडाकडे पाहत होता. साहेबाने इतका वेळ काय सांगितलं, याची त्याला उत्सुकता होती. चेहऱ्यावर आधीच थोडं हसू होतं.

'साहेब म्हणतात मी चांगलं काम करते,' एवढं म्हणून सुटता आलं असतं. तिने तोंड उघडलंही त्यासाठी. पण साहेबांच्या शब्दांआड लपून बापाशी बोलणं तिला दुसऱ्यांदा जमेना. तिने जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द गाळला नाही, वहीतून वाचून दाखवावं तसं.

तिन-फुकने ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठला महिना?"

"सप्टेंबर."

"सणाच्या आधी?"

"आठ दिवस आधी, आबा."

त्याने मान हलवली. काठी डाव्या हातात घेतली, टाचा जुळवल्या, एल्सवर्थना कडक सलाम केला आणि म्हणाला, "थँक यू, सर." साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. गाव यायला दोन थांबे राहिले तेव्हा म्हणाला, "तू म्हणाली होतीस, काही ठरलेलं नाही."

"ठरलेलं नव्हतं, आबा."

"हं. तेही खरंच." मग म्हणाला, "शपथ पाळायला मीच सांगितलं होतं."

"आबा, मी..."

"मी तुला दोष देत नाही, लोइताय. उतर, थांबा आला."

त्याने खरंच दोष दिला नाही. पुढची पाच वर्षं तो तिच्या हातचं जेवला, तिच्याकडून पाय चोळून घेतले, हवापाण्याचं बोलला. फक्त तिला काही विचारणं त्याने सोडून दिलं. सरकारी पत्र आलं तर घेऊन दुकानदाराकडे जायचा. डॉक्टरने काय लिहून दिलंय ते शेजारच्या सुनेला विचारायचा. एकदा आईने म्हटलं, घरात एवढी शिकलेली पोर असताना? तो म्हणाला, "ती कामावरून दमून येते." आवाजात राग नव्हता. राग असता तर लोइतायने पाय तरी धरले असते.

शहाऐंशीच्या थंडीत तो कारखान्यातल्या खुर्चीतच गेला. लिफ्टमधून उतरणाऱ्या पोरींना वाटलं, डुलकी लागलीय.

त्या वसंतात चिंगमिंगला, पितरांच्या सणाला, थडगं झाडून मायलेकी घरी आल्या आणि अंगणात मोहरीचा पाला वाळत घालायला बसल्या. आई एकदम म्हणाली, "तू उगाच जीव जाळतेस. तू सांगितलं असतंस तरी तो गेला नसता घोड्यांकडे. ती काळी जिवंत असेपर्यंत हलला नसता."

"असं तो म्हणाला तुला?"

"म्हणायला कशाला हवं? पस्तीस वर्षं संसार केला मी त्याच्याशी."

लोइताय पानं पसरत होती. "मग त्याने मला विचारलं कशाला, आई?"

आईने हातातलं पान उलटून पाहिलं, कीड आहे का ते, आणि टोपलीत ठेवलं. "माणूस विचारतो," ती म्हणाली. दोघींनी उरलेला पाला पसरला. मीठ कमी पडलं म्हणून आई शेजारी मागायला गेली आणि लोइताय तिथेच बसून राहिली, कोंबड्या हाकत.